कंदिलाचा स्टॉल आणि वाणिज्य शाखा

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या सकाळी बारावी कॉमर्सची चार मुलं स्टाफरूमच्या दारात उभी होती. एकमेकांशी बोलत नव्हती, त्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. चौघांनी मिळून आपल्या चाळीच्या तोंडाशी कंदील-पणत्यांचा स्टॉल लावला होता. प्रत्येकाने घरून 3,000 रुपये आणले, 12,000 जमले. कंदील माहीमच्या कंदील गल्लीतून, पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून. मालाला 10,400 गेले, टेम्पोला 600, बांबू-ताडपत्री-बल्ब यांना 700 आणि शेजारच्या दुकानातून वायर ओढू दिली म्हणून त्या दुकानदाराला 300. भाऊबीजेच्या रात्री गल्ला मोजला, तेव्हा 15,100 रुपये भरले.

भांडण वरच्या 3,100 रुपयांवरून होतं. एकजण म्हणत होता, ‘‘मी सकाळी दहापासून बसायचो सर, हे तिघं क्लास संपवून सातनंतर यायचे. मला जास्त नको का?’’ बाकीच्यांनी मला पुस्तकातलाच प्रश्न विचारला, ‘‘भागीदारीचं लेखी डीड नसलं तर नफा सारखाच वाटतात ना, सर?’’

मी बरोबर उत्तर दिलं. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे करार नसेल तर नफा-तोटा समान आणि कामाबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला नाही. बारावीच्या परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न हमखास असतो. तिघं खूश झाली. चौथा मान हलवून निघून गेला. पुढच्या दिवाळीत त्या चाळीच्या तोंडाशी स्टॉल लागला नाही.

त्या दिवशी मी त्यांना आणखी बरंच विचारायला हवं होतं. अकरा कंदील आणि पणत्यांचं एक खोकं उरलं होतं, खरेदीच्या भावाने साधारण 1,900 रुपयांचं. ते धरलं तर नफा 5,000, सोडून दिलं तर 3,100. मग खरा नफा कुठला? ‘शिल्लक माल मूळ किंमत किंवा बाजारभाव यांपैकी कमी असेल त्या किमतीला धरावा’ हे वाक्य चौघांनाही पाठ होतं. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कंदिलाचा बाजारभाव काय असतो, हे त्यांच्या हातात असलेल्या कंदिलावरून त्यांना ओळखायचं होतं, आणि ते मी त्यांच्याकडून करून घेतलं नाही. शिवाय ती चौघंही सतरा वर्षांची होती. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार कायद्याला मान्य नाही. भागीदारीतही त्याला सगळ्यांच्या संमतीने फक्त लाभापुरतं घेता येतं, पूर्ण भागीदार करता येत नाही. म्हणजे जो कायदा लावून मी निवाडा दिला, तो त्यांना लागूच नव्हता. त्यांना हवं होतं ते इतकंच की, धंदा सुरू करण्याआधी चौघांनी बसून कोण किती वेळ देणार आणि त्याचे किती धरायचे हे बोलावं. त्यासाठी डीड लागत नाही, वहीचं एक पान पुरतं. पण असं पान लिहायचं असतं, हे भागीदारीची खाती शिकलेल्या मुलांना मी कधी सांगितलं नव्हतं.

मी 33 वर्षं मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन, म्हणजे हिशेबाच्या वह्या ठेवणं, शिकवलं. गेल्या काही वर्षांत उद्योजकतेच्या शिक्षणाबद्दल बोललं फार जातंय. परिषदा होतात, कॉलेजांत ‘आयडिया’ सादर करण्याच्या स्पर्धा होतात, भिंतीवर मोठ्या उद्योगपतींचे फोटो लागतात. या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. पण उद्योजकता म्हणून एक नवा विषय, नवं पुस्तक, नवा तास आणून काही होईल असं मला वाटत नाही. धंद्याचं शिक्षण देणारा विषय आपल्याकडे आधीपासून आहे, त्याचं नाव पुस्तपालन. आपण त्यातून धंदा काढून टाकला आहे. तो परत आणणं हे पहिलं काम आहे.

वाणिज्य शाखेचा जन्मच मुळी वेगळ्या गरजेतून झाला. मुंबईत 1913 साली सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं. त्या काळच्या मुंबईला बँका, विमा कंपन्या, गिरण्यांच्या पेढ्या आणि बंदरावरच्या व्यापारासाठी शिकलेली माणसं हवी होती: हिशेबनीस, चिटणीस, तपासनीस. तो पाया चांगलाच होता आणि त्यावर कितीतरी कुटुंबं उभी राहिली, माझंही राहिलं. पण शंभरहून जास्त वर्षांनी आजही बारावीच्या विषयांची नावं वाचा. ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ हा विषय घ्या. सतरा वर्षांचा मुलगा त्यात कंपनीच्या भागधारकांना, कर्जरोखेधारकांना, ठेवीदारांना पत्रं लिहायला शिकतो. पत्राचा साचा, तारीख, विषय, सही, सगळं काटेकोर. मात्र एखाद्या गिऱ्हाइकाला दरपत्रक कसं द्यायचं, थकलेले पैसे नातं न तोडता कसे मागायचे, उशिरा माल देणाऱ्याला काय लिहायचं, यातलं एकही पत्र त्याच्या वाट्याला येत नाही. कर्जरोखेधारकाला पत्र लिहिण्याची वेळ त्यातल्या फार थोड्यांवर येईल. उधारी मागण्याची वेळ धंदा करणाऱ्या प्रत्येकावर येते.

‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या विषयात तर उद्योजकता विकास नावाचं प्रकरणच आहे. त्यात उद्योजकाची वैशिष्ट्यं आहेत, कार्यं आहेत, सरकारच्या योजना आहेत. त्याआधीच्या एका प्रकरणात हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं येतात. फेयॉल हा फ्रान्समधल्या खाणकंपनीत आयुष्य घालवलेला अभियंता, त्याने आपल्या अनुभवातून ती तत्त्वं काढली आणि 1916 मध्ये मांडली. आमची मुलं ती घोकतात. खाणीतला अनुभव आधी आणि तत्त्व नंतर, हा क्रम आम्ही उलटा केला आणि अनुभव तर गाळलाच. जोखीम पत्करणारा, चिकाटी असणारा, नेतृत्वगुण असणारा, अशी यादी लिहून पाच गुण मिळतात. ती यादी लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात कधी अनोळखी माणसाला एखादी वस्तू विकलेली नसते. उलट जो मुलगा सकाळी वर्तमानपत्रं टाकून कॉलेजात येतो, सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांकडून दोन महिन्यांचं बिल गोड बोलून काढून आणतो, त्याच्याकडे यादीतले निम्मे गुण असतात. पण ते गुण परीक्षेत मोजले जात नाहीत, आणि त्याला स्वतःलाही वाटत नाही की आपल्याला वाणिज्य येतं.

पुस्तपालनात आम्ही मुलांना तयार आकडे देतो. प्रश्न असा सुरू होतो: 31 मार्चची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) पुढीलप्रमाणे आहे, त्यावरून व्यापार खाते, नफातोटा खाते आणि ताळेबंद तयार करा. मुलगा करतो. दोन्ही बाजू जुळल्या की त्याचा चेहरा फुलतो आणि तो आनंद खरा असतो, मी तो हजारो चेहऱ्यांवर पाहिलाय. पण हे आकडे कुठून आले, कुणी लिहिले, लिहायचे राहून गेलेले कुठले, हे त्याला माहीत नसतं. घसारा दहा टक्के, हे प्रश्नातच दिलेलं. बुडीत कर्ज पाचशे, हेही दिलेलं. कुठलं कर्ज बुडालं आणि कुठलं नुसतं लांबलं, हे ठरवणं हीच धंद्यातली अवघड गोष्ट आहे आणि ती आम्ही टीपेत छापून देतो.

बुडीत म्हणजे काय, ते मला पुस्तकाआधी घरी कळलं. माझी आई लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, सकाळ-संध्याकाळ मिळून बावीस जेवणारे, सगळे गिरणीतले, घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले. पैसे महिन्याच्या पगारावर. म्हणजे आई महिनाभर स्वतःच्या खर्चाने जेवू घालायची आणि मग पैसे यायचे. तिला सामान वाण्याकडून उधार मिळायचं, वाणी त्याला भाव थोडा चढा लावायचा. ‘खेळतं भांडवल’ या शब्दाची व्याख्या मी वर्गात किती वर्षं लिहून दिली असेल. दर वेळी डोळ्यांसमोर आमच्या वाण्याची लाल चोपडी यायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला आणि आईसमोर प्रश्न उभा राहिला, ताट वाढायचं की नाही. तिने तीन महिने वाढलं. काही जण गावी गेले आणि तिकडून मनीऑर्डरने पाठवत राहिले, काहींचं पुढे काहीच कळलं नाही. मी दहावीत होतो. आईने मला वहीत प्रत्येकाच्या नावापुढे थकलेली रक्कम लिहायला लावली आणि काही नावांपुढे तिने सांगून फुली मारायला लावली. ‘‘याचे येणार नाहीत,’’ ती म्हणायची, आणि दुसऱ्या एका नावाला, त्याचे जास्त थकलेले असूनही, ‘‘याचे येतील, राहू दे.’’ ती बहुतेक वेळा बरोबर ठरली. हे ज्ञान तिला कुठल्या अभ्यासक्रमाने दिलं नव्हतं, पण ते ज्ञान होतं, अंदाजपंचे नव्हतं. त्या माणसाचा गाव, त्याची शेती, त्याची जीभ, आधीच्या महिन्यांतली त्याची सवय, इतकं सगळं त्या फुलीमागे होतं.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य म्हणूनच मला सोसत नाही. गिरणगावात शेकडो बायका तोच धंदा करत होत्या, पिढीजात भांडवलाशिवाय. त्यांना बँक दारात उभी करत नव्हती, कारण तारण काही नाही. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. वस्तूच्या तारणाऐवजी एकमेकींच्या शब्दाला किंमत आली. ही गोष्ट मुंबईतली, इथल्याच बायकांची, व्यवसायाच्या वित्तपुरवठ्याबद्दल इतकं काही सांगणारी, आणि मी वाणिज्याच्या वर्गात ती सांगितली की मुलं विचारायची, ‘‘सर, हे परीक्षेला आहे?’’

तसंच लिज्जत पापडाचं. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं, पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. आणि पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी पहिल्यापासून आग्रह धरला तो हिशेब नीट ठेवण्याचा. खाटेची युक्ती आणि हिशेबाची वही, या दोन गोष्टी एका धंद्यात एकत्र आल्या. आम्ही वही शिकवतो, पण ती खाट नसलेली वही आहे. आणि स्पर्धांमधून जे चाललंय त्यात नुसती खाट आहे, वही नाही.

शिकवून उद्योजक घडतात का, यावर जगात बराच अभ्यास झालाय आणि त्याचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला देणाऱ्या कार्यक्रमाचा 2010 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या कौशल्यात ठळक फरक पडला नाही आणि स्वतःचा धंदा काढायची इच्छा उलट कमी झाली. स्वीडनमध्ये अशाच कार्यक्रमातून गेलेल्या मुलांचा पुढे बरीच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ती पुढे धंदा काढण्याची शक्यता वाढलेली दिसली. युगांडात शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना तीन आठवड्यांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, त्याचा फायदा काही वर्षांनीही टिकून होता. नेदरलँड्सचा निष्कर्ष पाहून नाउमेद होण्याचं मला कारण दिसत नाही. धंदा काय असतो हे सतराव्या वर्षी, थोडक्या पैशांत कळून एखाद्याने नोकरीचा रस्ता धरला, तर ते शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तिशीत घरच्यांचे दागिने गहाण ठेवून कळण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो डॉमिनिकन रिपब्लिकमधला, 2014 चा एक अभ्यास. तिथे छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्या गटाला सोपे, हाताशी धरता येणारे ठोकताळे. उदाहरणार्थ, घरचे पैसे एका खणात, धंद्याचे दुसऱ्या खणात. दुसऱ्या गटाचे व्यवहार सुधारले. पहिल्या गटात सांगण्यासारखा फरक पडला नाही. ‘व्यवसाय आणि मालक हे स्वतंत्र घटक आहेत’ हे अकरावीच्या पुस्तकातलं पहिल्या काही पानांवरचं तत्त्व आहे. तेच, दोन खणांच्या रूपात सांगितलं, तेव्हा कामाला आलं. आमच्या मुलांना तत्त्वाचं नाव विचारलं की येतं. त्यांच्या घरी गाडी असेल, टपरी असेल, पार्लर असेल, तिथल्या एकाच डब्यातून दूधवाल्याचे पैसेही जातात आणि मालाचेही.

दिल्लीत 2021 पासून सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी प्रत्येकी 2,000 रुपये बीजभांडवल देण्याचा प्रयोग झाला. खरे पैसे हातात देण्याचं धाडस सरकारने केलं, हे मला फार आवडलं. मात्र त्याचा टीव्हीवर कार्यक्रम झाला, गुंतवणूकदारांपुढे सादरीकरणं झाली, तो भाग मला तितका पटत नाही. सादरीकरण चांगलं करणारी मुलं आधीच बोलकी असतात. परळच्या एखाद्या मुलीला पंधरा लोकांपुढे बोलता येत नाही, पण इस्त्रीच्या कपड्यांचे हिशेब ती एकाही चुकीशिवाय ठेवते, तिला त्या मंचावर जागा नसते.

तर माझं म्हणणं असं. वाणिज्य शाखेच्या विषयांना आज लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण आहेत. त्या 20 गुणांसाठी मुलं प्रकल्पवही करतात. बहुतेक वेळा ती दुसऱ्या वहीवरून उतरवलेली असते, आम्हालाही ते माहीत असतं. पुस्तपालनाचे ते 20 गुण एका खऱ्या वहीला द्यावेत. अकरावीच्या जूनपासून बारावीच्या दिवाळीपर्यंत चार-पाच मुलांच्या गटाने आपल्या वस्तीतल्या एका खऱ्या छोट्या व्यवहाराचा हिशेब ठेवायचा. रोजकीर्द त्यांनी लिहायची, खतावणी त्यांनी करायची, वर्षअखेरीचा ताळेबंद त्यांनी काढायचा, आणि तोंडी परीक्षेत त्या आकड्यांमागची गोष्ट सांगायची. उधारी किती दिवसांत येते? कुठला माल पडून राहतो? भाव कुणी ठरवला आणि कसा?

यावर पहिला आक्षेप माझ्या सहकाऱ्यांनीच घेतला: कुठला दुकानदार आपली वही परक्या मुलांना दाखवेल? खरं आहे, बरेच दाखवणार नाहीत, आणि त्यांची कारणंही मला माहीत आहेत. पण मुंबईत उघड्या वह्या कितीतरी आहेत. महिला बचत गट आहेत, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं आहेत, सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, कॉलेजचं स्वतःचं कँटीन आहे. नफा न कमावणाऱ्या संस्थांची खाती हे बारावीचं प्रकरणच आहे. मंडळाची वर्गणी, मंडपाचं बिल, मूर्तिकाराला दिलेला विसार यांचा जमाखर्च मांडताना ते प्रकरण जितकं समजेल, तितकं ‘आदर्श क्रीडा मंडळा’च्या काल्पनिक आकड्यांवरून कधी समजणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका तुकडीत 120 मुलं, म्हणजे पंचवीस-तीस गट, आणि शिक्षक एक. तो इतक्या वह्या तपासणार कधी? हे ओझं नुसतं शिक्षकांवर टाकलं तर महिनाभरात त्याचीही उतरवलेली प्रकल्पवही होईल. शिक्षण मंडळाला यासाठी तासिका कमी कराव्या लागतील, अभ्यासक्रमातली काही प्रकरणं गाळावी लागतील. विनिमय विपत्रं (हुंड्या) नाकारल्याच्या नोंदी थोड्या कमी झाल्या तर चालेल असं मी म्हणतो, आणि ते प्रकरण मी मनापासून शिकवलेलं आहे. शिवाय या शहरात बँकांतून, आयुर्विम्यातून, गिरण्यांच्या ऑफिसांतून निवृत्त झालेले हिशेबनीस प्रत्येक इमारतीत आहेत. आठवड्यातून दोन तास एका गटाबरोबर बसायला त्यांतले अनेक आनंदाने तयार होतील.

त्याबरोबर आजच्या व्यवहाराचे चार साधे नियम यायला हवेत, जे आज मुलांना एजंटकडून कळतात. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मालाच्या विक्रीला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवेला 20 लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत द्यायलाच हवेत, असं 2006 चा कायदा सांगतो. हा शेवटचा नियम मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या दोन बायकांनी तो माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

शिक्षणाने सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. मुंबईत जागा हाच धंद्याचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि गाळ्याचं डिपॉझिट ऐकून शहाणी मुलंही मागे फिरतात. तो प्रश्न अभ्यासक्रमाचा नाही. पण एक विषमता अभ्यासक्रमाच्या हातात आहे. ज्या घरात दुकान आहे, तिथला मुलगा दहाव्या वर्षापासून गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाइकाशी घासाघीस, उधारीची वही, सणाआधीची खरेदी, हे त्याच्या अंगात मुरतं. त्याला कॉलेजची फारशी गरज नसते. गरज असते ती ज्याचे आजोबा गिरणीत, वडील सिक्युरिटीत आणि आई घरकामाला, त्या मुलाला. त्याच्या घरात गल्ला नाही. तो त्याला कॉलेजातच मिळाला पाहिजे, आणि आज कॉलेज त्याला भागधारकांना पत्र लिहायला शिकवतं.

निवृत्तीनंतर मी हे लहान प्रमाणात करून पाहतोय. गेल्या गणपतीत अकरावीच्या तीन मुली परळच्या एका बचत गटाबरोबर बसल्या. गटाला 500 उकडीच्या मोदकांची ऑर्डर होती, 30 रुपये नग. मुलींनी तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप, गॅस, खोकी असं सगळं लिहून काढलं. नगाला 13 रुपये खर्च आला. एकीने मोठ्याने वाचून दाखवलं, ‘‘8,500 रुपये नफा.’’ सहा बायका दोन रात्री जागल्या होत्या, प्रत्येकी चौदा तास. त्यांतल्या सर्वांत थोरल्या मावशींनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि पानावरून बोट फिरवत विचारलं, ‘‘यात आमच्या रात्री कुठे लिहिल्या आहेत गं?’’

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी गप्प बसलो. मग एकीने पिशवीतून पट्टी काढली, पानाच्या उजव्या कडेला नवा रकाना आखला आणि मावशींना विचारलं, ‘‘पहिल्या रात्री किती वाजता बसलात?’’